दयाराम मिस्त्रींचा दुसरा माणूस

दर रविवारी दुपारी तुमसरातल्या आमच्या गल्लीत एका लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, लिलाव होतो आणि ती लवकी दरवेळी मीच जिंकतो. बोली लावायला दुसरं कोणी नसतंच. कधी लवकीऐवजी चार अंडी असतात, कधी वांगी. एकदा कोंबडा होता, तो बोली चालू असतानाच भिंतीवरून पळाला.

लिलाव पुकारतात दयाराम मिस्त्री, स्वतःच्याच अंगणात.

"लवकी एक बार! कोवळी आहे, नख लावून पाहा. बोला मास्तर!"

"तीन रुपये."

"तीन? अजी, देवाच्या लवकीले तीन? बाजारात पाचची आहे!"

"बरं, सहा."

"सहा एक बार... सहा दोन बार..." असं म्हणत ते अंगणभर नजर फिरवतात. पेरूच्या झाडामागून कोणी सात म्हणेल अशी त्यांना खरोखर आशा असते. मग सुस्कारा टाकून लवकी माझ्या पिशवीत घालतात. आमच्या घरी आता लवकी कोणी खात नाही.

मिस्त्री तरुणपणी इथल्या राइस मिलमध्ये फिटर होते. एका व्यापाऱ्याने मशिनी बसवायला त्यांना दोन वर्षांसाठी टांझानियात नेलं. दोनाची सव्वीस झाली. तिथे त्यांनी नेमाशी लग्न केलं आणि तिच्याच चर्चमध्ये ते ख्रिस्ती झाले. ती वारली आणि हे परत आले. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. नेमाच्या गावी ज्याच्याकडे रोकड नसेल तो शेतातलं काही देवाला आणून देतो आणि प्रार्थना झाली की झाडाखाली त्याचा लिलाव होतो. "अर्धं गाव एका लवकीसाठी भांडे जी," मिस्त्री सांगतात, आणि माझ्याकडे जरा नाराजीनेच बघतात.

यांचं घर छप्पन सालीच बौद्ध झालेलं. "बापानं सगळे देव सोडले, अन् मी समुद्रापार जाऊन एक धरून आनला," असं म्हणून तेच आधी हसतात. जयभीम म्हणणं त्यांनी सोडलेलं नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाढायला सगळ्यांच्या आधी हजर. पुतण्याच्या घरून त्यांना डबा येतो. "मिस्त्री, तुम्ही नेमके कोण?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुमसरचा. पुढचं इचारा." तिथल्या चर्चच्या पाळकाने नाव बदला म्हटलं, तर नेमाच आडवी आली. तिच्या नावाचा अर्थ कृपा, यांच्या नावात दया. आणखी काय पाहिजे, म्हणाली.

आता मी यात कसा सापडलो ते सांगतो. मी रिटायर झालेला गणिताचा मास्तर, घरी गणपती बसवणारा. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांचा पाना परत करायला गेलो, तर त्यांनी मला हाताला धरून चटईवर बसवलं.

"येशूनं सांगून ठेवलं आहे, दोघं-तिघं जमले का तो तिथं येते. एक मी, एक तुमी. तुमी काही मानलं नाही तरी चालते, फक्त बसा लागते."

"म्हणजे कोरम?"

"हो ना जी! कोरम!"

झालं. गल्लीभर नाव पडलं. रविवार उजाडला की बायको म्हणते, "उठा, तुमचा कोरम अडला असंल." या कोरमपायी मी सख्ख्या भाच्याच्या लग्नातून पंगत सोडून आलो आहे. कुरकुर करतच जातो, पण जातो.

प्रार्थना ढोलकीवर होते. शब्द तिकडचे, ठेका आपल्या गावच्या दंडारीच्या नाचाचा. मी एकदा चिडवलं, "मिस्त्री, येशूसमोर दंडार?" तेव्हा त्यांनी नेमाच्या आजीची गोष्ट सांगितली. जुन्या गोऱ्या पाद्र्याने ढोल सैतानाचा म्हणून फोडायला लावले होते. म्हातारीने आपला ढोल धान साठवायच्या ढोलीत लपवला आणि कित्येक वर्षांनी तो वाजवत थेट चर्चमध्ये शिरली. "पाहुना घरी आला तं त्याले आपल्या हातचं वाढावं, का त्याच्या घरून डबा मागवावा?" मिस्त्री मला विचारत होते. जवळच्या शहरातल्या एका प्रार्थनाघरात ते एकदा गेले होते. माणसं भली होती, पण ढोलकी बाहेर ठेवा म्हणाली. "ढोलकी बाहेर, तं मी बी बाहेर," म्हणून हे पुढच्या गाडीने परत.

यंदा मला कावीळ झाली. तीन रविवार बायकोने उंबरा ओलांडू दिला नाही. मिस्त्री रोज यायचे, चघळायला उसाचे करवे आणायचे, आणि जाताना हळूच विचारायचे, "या रविवारी जमंल का जी?" पडल्या पडल्या वाचायला म्हणून त्यांनी त्यांचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, आणून दिलं. मी मेला गणिताचा मास्तर, पेन्सिल घेऊनच वाचणार! आणि सापडलं की! प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जा, दार लाव, एकान्तात माग. मी अंथरुणात उठून बसलो. तीन वर्षं या माणसाने मला फसवलं!

चौथ्या रविवारी तासभर आधीच त्यांच्या अंगणात पोचलो, शास्त्राच्या त्या पानात बोट घालून. मिस्त्रींनी दोन चटया टाकल्या होत्या. मला बघून असे खुलले की काय सांगू. पण मला कुठला धीर? कॉपी करणारा पोरगा पकडावा तसं ते वाक्य मी मोठ्याने वाचलं.

"एकट्याचं चालतं, मिस्त्री! दार लावून चालतं! माझे तीन वर्षांचे रविवार परत करा!"

ते हसले नाहीत.

"मले ठाऊक आहे ते," म्हणाले.

"मग?"

"सहा दिवस तसंच करतो जी. दार लावतो, मांगतो. तो येते बी. पन इथं आल्यावर पयले दोन वर्सं सातही दिवस तसंच केलं. डबा यायचा, दारात ठेवून जायचे. एका दिवशी दूधवाल्यानं इचारलं, किती देऊ? तं माह्या तोंडातून आवाजच निघंना. कितीक दिवसांत बोललोच नव्हतो कोनासंगं. भेव वाटलं, मास्तर. म्हून ते दोघांचं वाक्य धरून बसलो."

मी पानातलं बोट काढून घेतलं.

"तुमी तीन रविवार नाही आले, तं म्या ढोलकी काढलीच नाही. आता तुमाले समजलं. तुमाले अडकवून ठेवाचं कारन नाही राहिलं. जा जी, आराम करा. कावीळ वाईट असते."

आणि खाली वाकून ते माझी चटई गुंडाळायला लागले.

मला माझ्या हुशारीची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी चटई त्यांच्या हातातून ओढून घेतली, पुन्हा पसरली आणि तिच्यावर बसलो.

"वाजवा," मी म्हटलं.

त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली, पण त्यांचा हात काही पडेना. शेवटी मीच, काही येत नसताना, गुडघ्यावर ठेका धरला. तो चुकलाच. मिस्त्रींनी डोळे पुसले, "असं नाही जी," म्हणाले, आणि माझ्या चुकलेल्या ठेक्याला सांभाळून घेत वाजवायला लागले.