एका डागाची कट्टी

मौल्यवान वस्तू आधी पारखावी आणि पारखताना नाक मुरडावे, म्हणजे ती परवडते. जगाचा व्यापार याच तत्त्वावर चालतो. परतूरच्या आबाराव ग्रेडरांचा संसारही त्यावरच चालला होता.

आबाराव कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवत. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस उपसायचा, त्यातली एक पिवळी, किडकी कवडी शोधून शेतकऱ्याच्या नाकासमोर धरायची आणि अख्ख्या गाडीचा भाव पाडायचा. याला कट्टी म्हणतात. (कवडी न सापडल्यास ओल सापडते. ओलही न सापडल्यास शेतकऱ्याच्या बोलण्यात माज सापडतो.) एकवीस वर्षांत एकही निर्दोष गाडी त्यांच्या हातून सुटली नाही.

१९९७ साली त्यांची मुलगी शिवकन्या हिला आष्टीचे बद्रीनाथराव आपल्या धर्मराजसाठी पाहायला आले. धर्मराज मास्तर होता. (शाळा अनुदानित, म्हणून मुलगा निर्दोष.) तपासणी रीतसर झाली. रंग पसंत, बांधा पसंत, वजन बेताचे. मग बांगडीचे माप घ्यायच्या निमित्ताने बाही वर सरकवण्यात आली आणि डाव्या हातावर भाकरी करताना भाजल्याचा रुपयाएवढा डाग निघाला.

"पोरगी बराबर हाय," बैठकीत बद्रीनाथराव म्हणाले. "पण डाग हाय म्हणल्यावर कायतरी करावं लागंल. पोराला हिऱ्याची अंगठी करा. सोन्याची तर सगळेच करून राह्यलेत."

लेक आबारावांची लाडकी होती आणि ती भाकरी त्यांच्यासाठीच थापली जात होती. पण ग्रेडर म्हणून त्यांना मान्य करावे लागले की कट्टी नियमाप्रमाणेच लागली होती.

अंगठी घ्यायला ते जालन्याला गेले. कागद वाचायला बी.ए. झालेली शिवकन्या सोबत. सराफाने मखमलीवर खडे मांडले आणि पारख समजावून सांगितली: रंग पाहायचा, घाट पाहायचा, वजन पाहायचे आणि शेवटी भिंगाखाली डाग पाहायचा.

"दादा," शिवकन्या वडिलांना हळूच म्हणाली, "हे तर माझंच चाललंय."

बारकाईने पाहिल्यास दोन्ही पद्धतींत एकच फरक आढळतो. हिरा पसंत पडला की नेणारा पैसे मोजतो. मुलीच्या बाबतीत हा नियम समाजाच्या सोयीसाठी उलटा ठेवण्यात आला आहे.

बजेटप्रमाणे हिरा निवडण्याची रीत अशी. दहा हजारांत निर्दोष हिऱ्याला हात लावता येतो. सात हजारांत तो दुरून पाहता येतो. आबारावांकडे पाच होते, आणि पाचात मिळणाऱ्या खड्याच्या पोटात एक काळा ठिपका होता. आबारावांनी भिंग डोळ्याला लावले, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

"शेठ, यात कवडी हाय," ते म्हणाले. "भाव कमी करा."

सराफाने तीनशे सोडले, वर ठिपका झाकेल असे कोंदणाचे सोन्याचे नख बसवून द्यायचेही कबूल केले. तसे पाहता शिवकन्येलाही आता पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवण्यात आले होते.

साखरपुड्याला बद्रीनाथराव घड्याळजीकडून भिंग मागून घेऊन आले. चारशे माणसे ताटकळली असताना त्यांनी अंगठी उजेडाकडे धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली.

"डाग हाय, इवाई. नखाखाली लपवलाय. मंग याची कट्टी येगळी. एक लोखंडी कपाट द्या."

आबाराव काही बोलायच्या आत शिवकन्या पाटावरून उठली आणि तिने हात पुढे केला.

"मामा, ते भिंग इकडं द्या. पोराला अजून कोणीच पाह्यलं न्हाई."

तिने ते त्यांच्या बोटांतून काढूनही घेतले. धर्मराजने दोन्ही हात खिशात घातले. नेणाऱ्या पक्षाची तपासणी करण्याची तरतूद कोणत्याच रिवाजात नसल्याने पुढे काय करायचे ते भटजींनाही सुचेना.

आबारावांना लेकीचा अभिमान वाटला. इतका, की डोळे भरून आले. आजवर कोण्या गाडीवाल्याने त्यांच्याकडे अशी नजर वर करून पाहिले नव्हते. मग त्यांनी पुढे होऊन तिच्या हातातले भिंग काढून घेतले, उपरण्याला पुसले, अदबीने बद्रीनाथरावांना परत दिले आणि कपाट कबूल केले. शिवकन्या पुन्हा पाटावर बसली.

लग्न ठरल्या तारखेला बिनबोभाट पार पडले. हे वाचून तुम्हाला जरा हायसे वाटले असेल. मांडवातल्या चारशे लोकांनाही तसेच वाटले होते, आणि विचारले असते तर त्यांतला प्रत्येक जण शिवकन्येच्याच बाजूचा होता.