एका खांबाची सावली

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत तीस वर्षं बसलेल्या या गृहस्थांना सगळे चौकशीबाबू म्हणत. रागावली की बायकोसुद्धा. मागच्या सहलीत बाबूंनी धबधब्याखाली, डोक्याला साबण लावलेला असताना, एका अनोळखी माणसाला तीन गाड्यांच्या वेळा सांगितल्या होत्या. म्हणून या खेपेला बायकोने शोधून शोधून समुद्रकाठचं असं गाव निवडलं, जिथे दिवसाला एकच बस येते. संध्याकाळी येते आणि तशीच परत जाते.

"हे बघा," सकाळी वाळूत पाऊल ठेवताच तिने बजावलं, "दोन दिवस कुणाच्याही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. एक जरी दिलंत, तर संध्याकाळच्या बसने मी एकटी परत जाईन. घरी नाही, थेट माहेरी."

"पण कुणी साधं काही..."

"झालं, सुरू झालात!"

बाबूंनी तोंडाला कुलूप लावलं. बायको कंबरभर पाण्यात शिरली, पण डोळे किनाऱ्यावर ठेवून. ऊन मी म्हणत होतं. अख्ख्या किनाऱ्यावर एक झाड नव्हतं. होता तो एक दिवा नसलेला दिव्याचा खांब. त्याची सावली एका माणसापुरती रुंद. बाबू तीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने गावचा न्हावी आला आणि उरलेली सावली वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या मागे उभा राहिला. मग टोपली घेऊन मासेवाली आली. शेजारी उभं राहायची सोयच नव्हती, तेव्हा तीही मागेच.

"रांग कशाची रे?" तिने न्हाव्याला विचारलं.

"पुढच्यांना माहीत. काय हो साहेब, कशाची?"

बाबूंचे ओठ हलले. तीस वर्षांची सवय ती! पण पाण्यातून दोन डोळे रोखलेले होते. त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"बघितलंस?" न्हावी कुजबुजला. "आतली गोष्ट आहे."

या गावात काही घडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. बघता बघता दुकानं बंद झाली. कुणी म्हणालं, बर्फ फुकट वाटणार आहेत. कुणी म्हणालं, दात तपासणार आहेत. तेव्हा एक म्हातारा कवळी आणायला घरी पळाला. मास्तर अख्खा वर्ग घेऊन आले. सावली संपली तरी रांग संपेना. मागचे उन्हात भाजून निघत होते, पण जागा सोडायला कुणी तयार नव्हतं.

सूर्य चढला, सावली सरकली, तशी रांगही सरकली.

"सरकतेय, सरकतेय!" मागून आनंदाचा गलका झाला.

घड्याळाच्या काट्यासारखी रांग किनाऱ्यावर फिरत गेली, ती वाळत घातलेली जाळी तुडवत. जाळ्यांचे मालकही रांगेतच असल्यामुळे तक्रार कुणी केली नाही.

भर दुपारी सावली खांबाच्या पायथ्याशी गोळा झाली आणि तिच्या मागोमाग गावही. खांब आणि गाव यांच्या मधोमध बाबू. श्वास घ्यायला जागा उरली नाही तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "जेवणाची सुट्टी! तीननंतर या!"

गाव मुकाट्याने जेवायला गेलं.

बायको पाण्यातून बाहेर आली ती लाटेसारखी. "बोललात!"

"प्रश्न कुठे होता? ती घोषणा होती."

"घोषणा म्हणे! तीनला मीच येते आणि एकेकाला घरी पिटाळते. मग आहेच बस."

तीनला सावली खांबाच्या दुसऱ्या अंगाला उतरली होती आणि तीत गाव शिस्तीत उभं होतं. बायको पदर खोचून थेट पुढे गेली. "ऐका हो! इथे काहीही मिळत नाही!"

"नसू दे बाई," मासेवाली म्हणाली, "पण आठवडाभर माझी कोंबडी अंडं देत नाही, त्याचं काय ते सांगा."

"शेजारणीचा नाष्टा बघून ये जा!" बायको तडकली.

मासेवाली गेली आणि ओच्यात पाच अंडी घेऊन परत आली. रांगेवरून कौतुकाची कुजबुज पसरली.

"बाई, मुलगा शहरातून पत्र पाठवत नाही."

"तुम्ही पाठवलंत कधी? पुढचे!"

"अन् माझी कवळी..."

"एका वेळी एकच बोला! गर्दी करू नका!"

बायकोचा चेहरा उजळला होता. बाबू ऐकतच राहिले. आवाज तिचा होता, पण बोलणं त्यांच्या खिडकीतलं.

मग ते चोरपावलांनी निघाले आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. तिथे समुद्र ऐकू येत होता. शेवटच्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे त्यांना तीस वर्षांत ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी बस आली. बायकोने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. बराच वेळ कुणी चढेना, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला आणि बाबूंच्या मागे येऊन उभा राहिला.

"काका, रांग कशाची?"

बाबूंनी बायकोकडे पाहिलं. ती कुणालातरी एकदम दोन प्रश्न विचारल्यावरून झापत होती.

"काय माहीत!" बाबू म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच. आणि ते तोंडाला इतकं गोड लागलं, की कुणी विचारलेलं नसताना त्यांनी आणखी एकदा म्हणून घेतलं.