समुद्राकाठी एअरकंडिशन

माणसाला विश्रांतीची गरज असते, आणि ती विश्रांती शेजाऱ्याच्या नजरेत भरण्याची गरज त्याहून मोठी असते.

सोलापुरातले चादरींचे व्यापारी चनमल्लप्पा यांना ही दुसरी गरज शहात्तर सालच्या उन्हाळ्यात भासली. त्यांचे शेजारी श्रीमंत (हे नुसतं नाव होतं, परिस्थिती नंतर आली) गोव्यातल्या एका बड्या हॉटेलात राहून आले होते आणि तेव्हापासून गल्लीत दुसरा विषय नव्हता. चनमल्लप्पांनी समुद्राकाठचं त्याहून भारी हॉटेल निवडायला घेतलं.

निवडीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. ते दुकानातून ट्रंककॉल लावत (आवाज चौकापर्यंत जाई, दोष लाइनचा) आणि आधी विचारत, "तुमच्याकडं सोलापूरचं कोण उतरलं हुतं का?" उतरलं असेल तर हॉटेल बाद. मग एअरकंडिशन, गालिचा आणि दारात सलाम ठोकणारा माणूस. त्याला फेटा असल्यास प्राधान्य. समुद्राची चौकशी त्यांनी केली नाही. समुद्र कोळ्यांनाही मिळतो. त्यात चैन कसली?

त्यांच्या पत्नी सुंदरम्मा यांनी मात्र पन्नाशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता.

"तितनं समुद्र दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"गोवाच हाय की. असंल कुटंतरी."

अखेर सर्व कसोट्यांना उतरलेलं हॉटेल सापडलं. खोलीची खिडकी मोटारी उभ्या करायच्या आवाराकडे होती. पण ती उघडायचीच नव्हती, गारवा बाहेर गेला असता. सोलापूरच्या फुफाट्यातून आलेलं जोडपं त्या गारव्यात दातांवर दात वाजवत बसून राहिलं. सुंदरम्मांनी ट्रंकेतून घरच्याच चादरी काढल्या. चनमल्लप्पा कुडकुडत म्हणाले, "याला म्हणत्यात चैन."

एका दुपारी ते घोरू लागल्यावर सुंदरम्मा उठल्या. जिना झाडणारी बाई कारवारकडची, कन्नड बोलणारी निघाली. समुद्र कुठे, असं विचारताच तिने झाडू भिंतीला टेकवला आणि "बर्री, अक्का" म्हणत हाताला धरून त्यांना नोकरांच्या दारातून बाहेर नेलं. समुद्र भिंतीला लागूनच होता. (हॉटेलनं तो मागच्या बाजूला, कोळशाच्या ढिगाशेजारी ठेवला होता.)

सुंदरम्मा लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात शिरल्या. प्रत्येक लाटेला त्या मोठ्यानं हसत होत्या.

शोधत शोधत चनमल्लप्पा सफारी सुटात, बुटांसह, कोरड्या वाळूवर येऊन थबकले.

"अगं, वर ये! लोक बगायलेत!"

"बगू द्या की. आपल्या गावचं कोण न्हाय न्हवं हितं? तेवड्यासाटीच तर हे हाटेल धरलं तुमी."

बूट भिजू नयेत म्हणून चनमल्लप्पा आहे तिथेच उभे राहिले. तोंड हॉटेलकडे, पाठ समुद्राकडे.

सोलापुरात परतल्यावर गल्लीतल्या बायका सुंदरम्मांभोवती जमल्या.

"लाट माघारी जाताना पायाखालची वाळू वडून नेती," सुंदरम्मा म्हणाल्या. "वाटतं, आपुनच निगालो कुटंतरी. जल्मात पैल्यांदा."

मग श्रीमंतांची बायको शिवबाई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. न्हाणीघरातला आरसा केवडा हुता?"

वाचकांनी इथवर सुंदरम्मांचं ऐकून घेतलं, याबद्दल आभार. आता हॉटेलचं नाव विचारायला हरकत नाही. मघापासून ओठांवर आहे, ते दिसतंच आहे.