डंकनच्या पणजोबांची जागा

“बर्फावर?” विश्वास सहस्रबुद्धे इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या टेबलावरच्या दोन चिनी आज्यांनी आपापले कॉफीचे कप घट्ट धरले. “हॉकी बर्फावर?”

“सर, हळू बोला ना,” एचआरची ऋचा म्हणाली. “तुम्हीच डंकनना सांगितलंत ना, की मी कॉलेजात हॉकी खेळायचो म्हणून?”

सांगितलं होतं खरं. हार्बरफ्रंटच्या त्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये साहेबाबरोबर एकटं सापडलं की काहीतरी बोलावं लागतं. डंकन हा सिंगापूर ऑफिसचा मुख्य. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी हॉकीची मॅच आहे. विश्वास म्हणाला, मी पुण्यात युनिव्हर्सिटीचा फुलबॅक होतो. “डिफेन्स!” असं किंचाळून डंकनने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि लिफ्टचं दार उघडलं तरी सोडले नाहीत. एवढा आनंद कशाचा, असा विचार विश्वासने तेव्हा केला नाही. चांगल्या खेळाडूची कदर करणारा माणूस दिसतोय, एवढंच त्याला वाटलं.

डंकन कॅनडाचा होता, आणि त्याचे पणजोबा अँगस हे आइस हॉकीतले अगदी सुरुवातीचे पगारी खेळाडू. खेळायचे पैसे मिळतात हेच जेव्हा लोकांना नवीन होतं, तेव्हाचे. त्या काळी बचाव करणारा एक भिडू थेट गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहायचा. त्या जागेला पॉइंट म्हणत. पणजोबा पॉइंटला. बदली खेळाडू नसायचा, त्यामुळे नाक फुटलं तरी मॅच संपेपर्यंत तिथेच. हे सगळं ऑफिसातल्या प्रत्येकाने निदान चारदा ऐकलेलं होतं. पणजोबांच्या वाढदिवसाला डंकन दरवर्षी एका मॉलमधली रिंक भाड्याने घेऊन जुन्या नियमांची मॅच भरवायचा. यंदाच्या पॉइंटवाल्याचा पाय ऐनवेळी मुरगळला होता.

“मुरगळला म्हणे!” विश्वास म्हणाला. “आत्ता जिना उतरताना पाहिला मी त्याला. उड्या मारत चालला होता!”

“सर, डंकनची आई येतेय मुद्दाम कॅनडाहून. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला त्यांनी कळवलंसुद्धा, की तिच्या आजोबांच्या जागी खराखुरा भारतीय खेळाडू उभा राहणार म्हणून.”

विश्वास घरी, म्हणजे बिशानच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत त्याचा पारा आणखी चढला होता. “हॉकी म्हणजे मैदान! हॉकी म्हणजे ड्रिबलिंग! आणि हे लोक पायाला सुऱ्या बांधून घसरतात, आणि त्याला हॉकी म्हणतात!”

त्याची बायको उल्का भेंडी चिरत होती. “मग सरळ सांगून टाक ना, येत नाही म्हणून.”

“कोणी? मी?” विश्वास उभा राहिला. “युनिव्हर्सिटीच्या फुलबॅकने जाऊन सांगायचं, मला हॉकी येत नाही?”

उल्काने सुरी खाली ठेवली आणि फोनवर रिंकच्या वेळा शोधल्या. रविवारी दोघं सरावाला गेली.

नवशिक्यांना तोल सावरायला त्या रिंकवर प्लॅस्टिकचे पेंग्विन मिळत. पेंग्विनचे कान धरायचे आणि त्याला ढकलत ढकलत पुढे जायचं. पेंग्विनला कान नसतात, ही तक्रार विश्वासने काउंटरवर नोंदवली, आणि मग ते दोन्ही कान असे घट्ट धरले की पुढे गेलाच नाही. मागे एक चिमुरडी हाताची घडी घालून उभी होती.

“अंकल, माय टर्न लाह!”

“थांब गं बाळ, अंकल आत्ताच आलेत,” विश्वास म्हणाला. तो येऊन बराच वेळ झाला होता. शेवटी तिच्या आईने येऊन पेंग्विन काढून घेतला. पेंग्विन गेल्याबरोबर विश्वास खाली बसला. बसला म्हणजे त्याच्या मते बसला.

“यांच्या बर्फातच खोट आहे,” घरी परतताना एमआरटीच्या गाडीत तो उल्काला सांगत होता. “एका बाजूला उतार आहे. मी लिहिणार आहे त्यांना.”

शनिवारी त्याला छातीला, गुडघ्यांना, कोपरांना जाड जाड गाद्या बांधल्या, वरून पणजोबांसारखी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी चढवली आणि ऋचाने आणखी एकाच्या मदतीने त्याला कपाटासारखं ढकलत गोलपर्यंत नेलं. तिथे पोचताच त्याने डाव्या हाताने गोलचा खांब पकडला आणि उजव्या हातातली स्टिक काठीसारखी बर्फावर रोवली.

“सर, खांब सोडा,” ऋचा कुजबुजली.

“तू जा!”

समोर तोआ पायोहच्या ऑफिसचा संघ होता. त्यांचा फॉरवर्ड वाऱ्यासारखा आला. आजवर सगळे बचाववाले त्याला अडवायला पुढे यायचे, आणि तो त्यांना झुकांडी द्यायचा. हा माणूस पुढेच येईना. डावीकडे हलेना, उजवीकडे हलेना. नुसता डोळे वटारून बघत होता. शेवटच्या क्षणी फॉरवर्डला काही सुचेना आणि तो भिंतीवर जाऊन आदळला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

“टाळ्या कसल्या वाजवताय?” विश्वास ओरडला. “हा काय खेळ आहे?”

तो चिडून ओरडतोय हे मराठी न कळणाऱ्यांना कसं कळणार? त्यांना ती युद्धाची आरोळी वाटली. मग ती काळी रबरी चकती एकदा त्याच्या पोटावर आपटली, एकदा नडगीवर, एकदा शिरस्त्राणावर. तिच्या प्रत्येक माराला तो मराठीत दाद देत होता. गोल मात्र एकही झाला नाही. डंकनचा संघ जिंकला आणि सगळे “विश्वास! विश्वास!” करून नाचू लागले. विश्वासच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं. उभ्या आयुष्यातल्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या मॅचमध्ये त्याने एकदाही चेंडू मारला नव्हता. चेंडू नव्हताच म्हणा.

त्याला रिंकच्या फाटकाबाहेरच्या बाकावर आणून बसवलं. स्केट्स सोडायला तो वाकू शकत नव्हता. उल्का शेजारी पर्स घेऊन बसली होती. तेवढ्यात डंकनची आई काठी टेकत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“तुम्ही हुबेहूब माझ्या आजोबांसारखे खेळलात,” ती म्हणाली.

“मी खेळलो नाही. मी उभा होतो,” विश्वास फणकारला.

“तेच म्हणतेय मी. त्यांना स्केटिंग येतच नव्हतं.”

“काय?”

“कोळशाची गाडी हाकायचे ते. अंगाने हे एवढे रुंद. क्लबाने त्यांना उचलून गोलपुढे उभं केलं. पुढे पास द्यायला तेव्हा बंदी होती, समोरून एकटाच चकती घेऊन यायचा, त्यामुळे चालून गेलं. माझा मुलगा काय काय सांगतो, पण आजोबांची सगळी कारकीर्द एका हिवाळ्याची. मग त्यांना काढून टाकलं.”

“काढून टाकलं?” विश्वास ताडकन उठला. “नाक फुटलं तरी जो माणूस जागा सोडत नाही, त्याला काढून टाकलं? उभं राहणं सोपं आहे का? मला विचारा! स्केटिंग येत नाही म्हणून काढलं?”

“नाही, त्याचं कारण वेगळंच—”

पण विश्वास थांबला नव्हता. रिंकच्या मधोमध डंकन चषक उंच धरून फोटो काढून घेत होता. “डंकन!” विश्वास गरजला आणि फाटक ढकलून आत शिरला. “तुझ्या पणजोबांवर अन्याय झालाय! शंभर वर्षांत तुमच्या घरातल्या एकानेही जाब विचारला नाही?” बोलता बोलता त्याचा उजवा पाय पुढे जात होता, मग डावा, मग पुन्हा उजवा. वेग वाढत होता. ऋचाच्या हातातला फोन तसाच राहिला.

“अरे, हा चाललाय की!” उल्का उठून उभी राहिली.

चालला तर होताच. पण थांबायचं कसं, हे पेंग्विनने शिकवलं नव्हतं. डंकन, चषक आणि विश्वास असे तिघंही एकत्रच पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले.

म्हातारी सावकाश बाकावर टेकली. “मी हेच सांगत होते,” ती उल्काला म्हणाली. “त्यांनी क्लबच्या मालकाला पाडलं होतं. फोटो काढताना.”

उल्काला नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला एम्प्लॉयमेंट पास आठवला. फ्लॅटचं भाडं आठवलं. “मग पुढे?” तिने दबक्या आवाजात विचारलं. “पुढे त्यांचं कसं झालं?”

“छान झालं. मालकाची मुलगी धावत आली त्यांना उठवायला. तिच्याशीच लग्न केलं त्यांनी.”

उल्काने पर्स खांद्याला लावली आणि नवऱ्याला उचलायला ती घाईघाईने बर्फावर निघाली.