कोकरे सरांची सुटलेली मोळी

शाळा सुटताना सगळे मास्तर पोरांना गृहपाठ देतात. आमचे कोकरे सर पोरांकडून मार्क घेतात. "बोला, आज गुरुजीला दहापैकी किती?" एकदा तिसरीनं चारच दिले, तर दुसऱ्या दिवशी या गृहस्थानं डबासुद्धा उघडला नाही.

लासुर्ण्याच्या पुढं एका वस्तीवर आमची दोन शिक्षकी शाळा. पट सतरा, पत्रा गळका. बदलीचा अर्ज मी दरवर्षी भरते. सर भरत नाहीत. बारामतीत प्रशिक्षण झालं की दुसऱ्या दिवशी वर्गाची उलथापालथ. सतरंजी लिंबाखाली, फळा व्हरांड्यात आणि सरांच्या येरझाऱ्या. "बाई, हितं कायतरी चुकतंय!" मला तर त्यांच्याकडे बघूनच दम लागतो.

यंदा त्यांना सोनालीनं पछाडलं होतं. ऊसतोड्यांची पोर, तिसरीत. अक्षरं ओळखायची, पण शब्द काही वाचता येईना. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आईबाप तिला घेऊन बीडकडे परतणार.

"त्याच्या आत ही वाचणार," सर म्हणाले आणि सुट्टीच्या दिवशीही ऊसतोडीच्या फडात जाऊ लागले.

तिथं एकदा हौसेनं उसाची मोळी बांधायला बसले. तीनदा सुटली. सोनाली हसून लोळली. "सर, एकेक वाढं घेऊन व्हतंय का? दोन आधी पिळून घ्या, मग बांधा!" वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, मोळी त्यानंच बांधतात.

सर धापा टाकत माझ्याकडं आले. "बाई, सापडलं! आपण अक्षरं सुटी दाखवत बसलो." त्या दिवसापासून दोन-दोन अक्षरं एका दमात सुरू झाली.

आठवडाही झाला नाही, तोच पट्टा पडला. सर फडावर पोचले तेव्हा कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, उठलेल्या. पोरीला वाचता आलं का, देव जाणे. तीन दिवस ते तिच्या बापाला फोन लावत व्हरांडा झिजवत होते. चौथ्या दिवशी लागला. मी शेजारीच होते, बापाचा आवाज मलाही ऐकू आला.

"सर, पोरीनं ट्रॅक्टरात कुणाला झोपू दिलं न्हाई. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी! दिसंल ती पाटी मोठ्यानं वाचत आली."

फोन ठेवून सर नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

सोमवारी हजेरीतून सोनालीचं नाव कमी करायला मी पेन उघडलं.

"असू द्या की, बाई," सर हळूच म्हणाले. "घरी हाक मारायला कोण हाय मला? हितं हजेरीत रोज एकदा तिला हाक मारीन."

मी पेन बंद केलं.