उणे दहाचा पाहुणा

यंदाच्या बिअरमध्ये चुकायला जागाच ठेवलेली नाही, असं हाल्डोरने नाताळच्या तीन आठवडे आधीच जाहीर करून टाकलं. त्याचे वडील, अस्लाक, वसंतात गेले होते. हंड्यातल्या वाफेखाली स्वतःचा चेहरा दिसला की म्हातारा ते पाणी मॉल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूसाठी, काढायचा, आणि चाळीस वर्षांत त्याची बिअर एकदाही बिघडली नव्हती. हाल्डोर पडला फेरीबोटीचं इंजिन सांभाळणारा. त्याचा भरवसा कागदावर. दहा अंशांवरचा चाळीस किलो मॉल्ट, शहात्तर अंशांचं शंभर लिटर पाणी, म्हणजे मिश्रण बरोब्बर सदुसष्टला, जिथे रसाला गोडी उतरते. नाताळला सगळी वाडी जमून अस्लाकच्या नावाने पहिला घोट घेणार होती. तो पाणचट निघाला, तर बापाचं नाव आणि लेकाचं नाक एकदमच जाणार होतं.

डिसेंबरातला सूर्य डोंगराआडून वर येतच नाही, त्यामुळे सकाळी अकरालाही भट्टीघरात कंदील लागला होता. मदतीला बायको मारित, शेजारचे ओड्वारकाका आणि ऐंशीची गुन्वोर आत्या. पिंपाच्या तळाशी रस गाळायला जुनिपर झुडपाच्या फांद्या अंथरलेल्या होत्या. हाल्डोरने त्यावर दहा लिटरच्या दहा बादल्या मोजून ओतल्या आणि मोजकाठी बुडवली. काठी एकशे आठ लिटर दाखवत होती.

मारित म्हणाली, मोजताना चुकला असशील. पण बादल्या सगळ्यांनीच मोजल्या होत्या. टबात माणूस बसल्यावर पाणी वर चढावं, तसं ते चढलं होतं.

मॉल्ट पडला. तापमापकावर सदुसष्टऐवजी बासष्ट. हाल्डोरने ढवळायला वल्हं घातलं आणि तळातून आवाज आला. ठक. पुन्हा ढवळलं, तर दुसऱ्या बाजूने. ठक, ठक. चौघांचेही चेहरे पिठासारखे झाले आणि कुणी कुणाकडे बघेना.

हाल्डोर कागद घेऊन बसला. वाढलेलं पाणी एवढं, गेलेली उष्णता एवढी. उत्तर आलं तशी त्याची पेन्सिल थांबली.

"आत आठ लिटरचं काहीतरी आहे," तो म्हणाला. "उणे दहा अंशांचं."

खिडकीबाहेरचा तापमापकही उणे दहावरच होता. दफनभूमीतही तेवढंच असणार, असं आत्या पुटपुटली. ओड्वारकाकांनी टोपी काढली.

"अस्लाक," आत्या पिंपावर वाकून धाकट्या भावाला म्हणाली, "गारठला असशील तर बस बाबा. पण बिअर नासवू नकोस."

हाल्डोर पिंपाजवळ आला. दफनाच्या दिवशीही तो रडला नव्हता. आता इंजिनवाल्याने वाफेत तोंड घालून हळूच म्हटलं, "बाबा, पाच अंश तेवढे सोडा."

मग वीस लिटर उकळतं पाणी ओतलं. काटा सदुसष्टवर आला आणि तिथेच राहिला. एरवी तासाभरात दोन अंश तरी उतरायचा. आज तीन तास हलला नाही. काकांनी रसाचा थेंब जिभेवर ठेवला आणि डोळेच मिटले. मधासारखा गोड होता. ऐकलं हो त्याने, म्हणत आत्या रडली. हाल्डोरही रडला, अगदी मोकळेपणाने.

दुपारी रस काढून झाला. चोथा उपसला, फांद्या उचलल्या. खाली होडीच्या नांगराची साखळी.

"माझी आहे," आत्या म्हणाली. "मयताच्या घरातल्या पहिल्या बिअरमध्ये लोखंड टाकावं लागतं, नाहीतर गेलेला माणूस येऊन पिंपात बसतो. तुम्ही हसाल म्हणून पहाटे तुकड्या-तुकड्यांनी चार फेऱ्या करून आणली."

साखळीशेजारी घण आणि कुऱ्हाड निघाली. काकांनी दोन्ही काखोटीला मारली. विज्ञान शिकवणाऱ्या मारितने आपला बिडाचा तवा उचलून पाठीमागे लपवला. आपापलं लोखंड कुठे ठेवलंय हे प्रत्येकाला माहीत होतं. ठक आवाज मात्र भलतीकडून आला होता.

तळाशी एकच वस्तू उरली: फेरीबोटीवरचा हातभर लांब पाना. तिघेही हाल्डोरकडे बघू लागले.

"तो मी हिशेबात धरला होता," हाल्डोर म्हणाला.