पेलिकन संघाचा हंगाम : मेलकावेरी येथील निष्कर्ष

कोणतेही कार्य कसे केले यापेक्षा ते किती वाजता सुरू केले याला महत्त्व असते, हे सुज्ञ समाजांना पहिल्यापासून ठाऊक आहे. बाकीचे समाज सराव करतात.

आमचा समाज, म्हणजे तंजावरकडचे मराठी, पहिल्या प्रकारात मोडतो. कुंभकोणमात कॅलेंडरावर तारीख नंतर पाहतात, राहुकाळ आधी. रोजचा दीड तास; सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, असा वारानुसार ठरलेला. या दीड तासात नवे काम सुरू करायचे नाही. आधी सुरू केलेले चालू ठेवायला हरकत नसते. (या सवलतीमुळेच गावातले चहा पिणे कधी थांबत नाही.) खुद्द राहूचे देऊळ तिरुनागेश्वरम् येथे, बसने वीस मिनिटांवर. साहेब शेजारच्या गावात राहत असल्यावर हजेरीपुस्तकाशी कोण खेळेल?

कुंभकोणमातल्याच मेलकावेरी भागातले पद्मनाभराव दस्तनोंदणी खात्यातून दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झाले. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही खरेदीखताची पहिली सही राहुकाळात होऊ दिली नाही. त्यांतल्या किती घरांवरून पुढे भाऊ भावाशी भांडले, याची नोंद निबंधक कार्यालयात मिळत नाही. ती कोर्टात मिळते.

त्यांची मुलगी स्फूर्ती ऑस्ट्रेलियात, मेलबर्नपासून दीड तासावरच्या हार्ग्रीव्ह बे या बंदरगावी, इस्पितळात नोकरीला आहे. त्या गावाचा फुटबॉल संघ म्हणजे पेलिकन. मुलीच्या गावचा संघ हा व्याह्यासारखा असतो : निवडता येत नाही, आणि कितीही निकामी निघाला तरी सोडता येत नाही. पद्मनाभरावांनी तो पदरात घेतला.

हा फुटबॉल आपल्याला माहीत असलेला नव्हे. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही तसाच, एकेका बाजूला अठरा माणसे. चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण. थोडक्यात हुकून बाजूच्या खांबांतून गेला, तरी एक गुण. चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ आमच्या समाजाला आपला वाटला यात नवल नाही. आमच्याकडच्या निम्म्या कर्तबगार पुरुषांची चरित्रे 'थोडक्यात हुकले' या दोन शब्दांवर उभी आहेत.

आता हंगामाकडे वळू. पेलिकन यंदा तेवीस सामने खेळले. सहा जिंकले, सतरा हरले. तिथल्या वर्तमानपत्रांनी याची कारणे दिली : दुखापती, कमकुवत बचाव, आणि प्रशिक्षक. हे प्रशिक्षक दर पराभवानंतर कॅमेऱ्यापुढे च्युइंगम चघळत "आम्ही योग्य मार्गावर आहोत" असे सांगत. पद्मनाभरावांनी ही सर्व कारणे तपासून फेटाळली (प्रशिक्षक सोडून) आणि स्वतःचा तक्ता केला.

मार्चमधले तिन्ही शनिवारचे सामने जिंकले. ते तिथल्या दुपारी पावणेदोनला, म्हणजे आपल्याकडच्या सकाळी सव्वाआठला सुरू झाले होते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथल्या सरकारने, उन्हाळा संपला या क्षुल्लक कारणावरून, घड्याळ एक तास मागे घेतले. त्यांचे पावणेदोन ते पावणेदोनच राहिले, पण आपल्याकडे सव्वाआठचे सव्वानऊ झाले. म्हणजे एका सरकारी आदेशाने एक अख्खा संघ राहुकाळात ढकलला गेला, आणि तिथल्या संसदेत एकही प्रश्न विचारला गेला नाही. त्यानंतर शनिवारी सव्वानऊला बारा सामने झाले, अकरा हरले. शुक्रवारी दुपारी तीन दहाला तीन, तिन्ही हरले. (शुक्रवारी तीन ते साडेचार यमगंड हा दुसरा अशुभ काळ असतो. यम हा राहूच्या खालच्या टेबलावर बसतो.) रविवारी पाच; दोन जिंकले, तीन हरले. या तीन पराभवांपुढे 'प्रतिस्पर्धी चांगले खेळले' असा शेरा आहे. हे कारण तक्त्यात अन्यत्र कुठेही वापरलेले नाही.

पहिला आक्षेप शेजारच्या शंकरनारायणांचा. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. हिशेब चुकलेला दिसला की त्यांना जेवण जात नाही. कुंपणावरून ते म्हणाले, "सार, हार्ग्रीव्ह बेला सूर्य उगवतो कधी, आपल्याकडे कधी? तिथल्या पावणेदोनला इथला राहू कशाला जाईल?"

"दस्त जिथे दाखल होतो तिथली हद्द," पद्मनाभराव म्हणाले. "सामना मी मेलकावेरीत पाहतो."

"बरं. पण राहुकाळ दोन्ही पक्षांना सारखाच ना? मग दुसरा पक्ष जिंकतो कसा?"

या प्रश्नाला पद्मनाभरावांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी निकाल दिला : राहुकाळ ज्याला ठाऊक नाही त्याला बाधत नाही, ठाऊक असून मोडला तर बाधतो. प्रतिस्पर्धी संघांचा कुंभकोणमात एकही समर्थक नाही. सबब, त्यांना नोटीस बजावली गेलेली नाही.

"म्हणजे तुम्ही पाहायचं सोडलं तर पेलिकन जिंकतील!"

"संघ हरत असता समर्थकाने उठून जावे?" पद्मनाभराव म्हणाले. "आमच्या घराण्यात तसे झालेले नाही."

त्यांनी क्लबला पत्र धाडले : सामना पंचवीस मिनिटे आधी घ्यावा, न जमल्यास निदान नाणेफेक तरी नवाच्या आत उरकावी. उत्तरात क्लबने प्रेमाबद्दल आभार मानले आणि लोकरीच्या गळपट्ट्यावर सवलत देऊ केली. (कुंभकोणमात तेव्हा मे महिना चालू होता.) प्रशिक्षकांनी त्या शनिवारीही च्युइंगम चघळला.

शेवटी त्यांनी प्रस्थान ठेवले. प्रवासाची वेळ वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या वेळी आपले गाठोडे शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचे. प्रवास तेव्हाच सुरू झाला असे धरतात. मग माणूस राहुकाळात निघाला तरी तो निघत नसतो, चालू असलेला प्रवास पुढे नेत असतो. इतकी नेटकी पळवाट कोणत्याही कायद्यात सापडणार नाही. जूनच्या दुसऱ्या शनिवारी आठ चाळीसला पेलिकन संघाचा सदरा, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी असे गाठोडे शंकरनारायणांच्या ओटीवर ठेवले गेले. पेलिकन चार गुणांनी जिंकले.

पुढच्या शनिवारी तेच गाठोडे, तीच ओटी. पेलिकन एकसष्ट गुणांनी हरले. चौकशीत निष्पन्न झाले, की शंकरनारायणांच्या पत्नी शिवकामी यांनी फरशी पुसताना गाठोडे उचलून आत ठेवले होते. संघ वाटेतूनच मागे फिरला होता. दोन्ही घरांत दहा दिवस बोलणे बंद होते.

येथे एक किरकोळ बाब नोंदवणे भाग आहे. या हंगामभर पद्मनाभरावांना चेंडू दिसत नव्हता.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. डावा त्याच्या मागे रांगेत उभा होता. मार्चमध्येच डॉ. सौंदर्या यांनी बजावले होते, "दिवाळीच्या आत काढू. पुढे डोळ्यात दाब वाढला तर गेलेली नजर मी परत आणू शकणार नाही." डॉक्टर तंजावरहून फक्त शनिवारी येत, आणि शस्त्रक्रिया सव्वानऊ ते साडेदहा करत. पद्मनाभरावांपाशी नकाराची दोन कारणे होती. एक, राहुकाळ. दोन, सामना. एकच कारण असले तर माणसाशी वाद घालता येतो.

त्यांच्या पत्नी वेदवतीबाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर रद्द झालेल्या दर शनिवारी एक फुली मारत. ऑगस्टअखेर अकरा फुल्या झाल्या. दरम्यान यजमानांनी कॉफी तीनदा पेल्याच्या शेजारी ओतली. नाचियार्कोविलला पितळी समयांच्या दुकानात पुरुषभर उंचीच्या एका समईला हात जोडून "केव्हां आलांत? घरचें अस्कें बरें ना?" अशी विचारपूस केली, आणि उत्तर न आल्याने घरी येईपर्यंत ते रागात होते. (आमचे हे मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे "किती गोड" म्हणतात. म्हणजे त्यांना कळलेले नसते.)

"डोळा जाईल हो तुमचा," वेदवतीबाई म्हणत.

"अगे, हंगाम संपूं दे."

"हंगाम पुढल्या वर्सीं येतो. डोळा येतो काय?"

दृष्टी अधू झाल्याने मते अधू होतात, हा मात्र गैरसमज आहे. दर शनिवारी दुपारी ते 'मेलकावेरी परिवार' या व्हॉट्सॅप गटावर सामन्याचे परीक्षण तोंडी सांगून टाकत. गटात चौसष्ट सदस्य, तीन खंडांत पसरलेले. हंगामाअखेरचे सविस्तर परीक्षण तर आठ मिनिटांचे होते. त्यातला गाभा असा :

'यंदाचा उत्कृष्ट खेळाडू म्हणजे पिवळ्या सदऱ्यातले ते गृहस्थ. बाकी सगळे निळ्यात, हे एकटे पिवळ्यात. गुणी माणूस वेगळा दिसतोच. सदैव चेंडूजवळ असतात, पण कुणाला धक्का नाही, कुणाची कॉलर धरणे नाही. डावाची सुरुवात त्यांच्याच हस्ते होते. चेंडू हाती आला तरी स्वतः मिरवत नाहीत, दोघांच्या मध्ये उंच उडवून देतात आणि मागे सरतात. वेग एवढा, की एकाच वेळी मैदानाच्या दोन्ही टोकांना दिसतात. दांडगे दांडगे गडी त्यांच्याशी वाद घालायला येतात, पण त्यांनी हात वर केला की मुकाट मागे फिरतात. अशा माणसाला प्रशिक्षकाने वर्षभरात एकदाही चेंडू मारू दिला नाही. प्रशिक्षकाने राजीनामा द्यावा.'

यावर एक्केचाळीस अंगठे आले, नऊ नमस्कार, आणि एक वाढदिवसाचा केक (तो दुसऱ्या गटासाठी होता). बंगळूरच्या बदरीनाथांनी "प्रशिक्षक बदलल्याशिवाय काही होणार नाही" असे लिहिले. त्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही. खुद्द हार्ग्रीव्ह बेहून स्फूर्तीने "अगदी खरं अप्पा" असे कळवले. ती त्या वेळी ड्यूटीवर होती, आणि मैदानावर ती आजतागायत गेलेली नाही.

हंगाम संपला, म्हणजे दोनांपैकी एक कारण संपले. सप्टेंबरातल्या पहिल्याच शनिवारी पद्मनाभराव पेपराची घडी नाकाला लावून बसले असता चष्मा सापडेना.

"माझा चष्मा कोठें?"

"शंकरनारायणांच्या ओटीवर," वेदवतीबाई म्हणाल्या. "तांदूळ, हळकुंड, सुपारी सहित. आठ चाळीसला ठेविला."

"कशास?"

"प्रस्थान. तुमचा डोळा आठ चाळीसलाच दवाखान्यास निघाला. आतां त्याच्या मागें तुम्ही चालायचें."

एकतीस वर्षांची नोकरी पद्मनाभरावांच्या चेहऱ्यावरून पानामागून पान उलटत गेली. मग त्यांनी हरकत काढली, "शिवकामी फरशी पुसेल."

"तिला मीच त्या गाठोड्याजवळ बसविलें आहे. फरशीचें फडकें माझ्यापाशीं आहे."

कागद नियमात असेल तर नोंदणी नाकारता येत नाही. ते उठले. चष्मा शेजारी असल्याने वेदवतीबाईंना त्यांचा हात धरावा लागला. भर रस्त्याने, सकाळच्या उजेडात, चाळीस वर्षांत प्रथमच. सव्वानऊला, ऐन राहुकाळात, डॉ. सौंदर्यांनी मोतीबिंदू काढला. "अजून दोन महिने थांबला असता तर मी हात लावला नसता," एवढेच त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी पद्मनाभरावांनी नव्या डोळ्याने जुना सामना लावला, जूनमधला, चार गुणांनी जिंकलेला. दुसऱ्या डावापर्यंत ते आनंदात होते. गवत हिरवे आहे हे त्यांनी दोनदा सांगितले. मग ते खुर्चीत पुढे सरकले.

"अगे, या गृहस्थाच्या तोंडांत शिट्टी आहे."

वेदवतीबाई शेंगा सोलत होत्या.

"आणि हे चौघे आहेत."

"पंच आहेत ते. मला मार्चांतच दिसले."

"मग सांगितलें कां नाही?"

"मार्चांत सांगितलें असतें," वेदवतीबाई शेंगांवरून नजर न काढता म्हणाल्या, "तर तुम्ही माझा डोळा तपासविला असतां."

चूक कबूल करायलाही एक रीत असते, आणि ती पद्मनाभरावांना अवगत होती. त्याच दुपारी गटावर शुद्धिपत्रक निघाले : 'दि. ३१ ऑगस्टच्या परीक्षणात "उत्कृष्ट खेळाडू" या ठिकाणी "उत्कृष्ट पंच" असे वाचावे. बाकीचे निष्कर्ष, प्रशिक्षकाविषयीच्या मतासह, कायम.' एक्केचाळीस अंगठे आले. ताडून पाहिले; तेच एक्केचाळीस.

वाचकहो, आपण आमच्या गटात नाही. आपण पेलिकनांचा एकही सामना पाहिलेला नाही, ते गाव नकाशात शोधलेले नाही, आणि तो प्रशिक्षक चांगला की वाईट हे समजण्याचे आपल्यापाशी, त्याच्या च्युइंगमखेरीज, काहीही साधन नाही. तरी त्याला काढावे की ठेवावे, हे आपण केव्हाच ठरवून टाकले आहे.

डॉ. सौंदर्या शनिवारीच येतात. सव्वानऊला. आपला चष्मा आठ चाळीसपर्यंत शेजारी पोचवावा.